कावळ्याच्या घासाला कोंबडी

रेल्वेच्या कारखान्यात मी उभी हयात इंजिनं जुळवली. त्यामुळे अंडी उबवणं मला अवघड वाटायचं काही कारणच नव्हतं! इंजिनाला हजार भाग असतात. अंड्याला दोनच, आतलं आणि बाहेरचं.

अडचण एवढीच, की आम्ही राहतो काशीत, दूधविनायकाला. आमच्या गल्लीत अंडं हा शब्दसुद्धा लोक इकडेतिकडे बघून उच्चारतात. त्यात आमच्या खालच्या मजल्यावर ढुंढिराजशास्त्री. शिंदे घाटावर श्राद्धपक्ष तेच चालवतात, आणि शेजारच्या गल्लीत कांदा चिरला तरी त्यांना इथे कळतो.

पण अंडी ऋताची होती. ऋता माझी एकुलती एक मुलगी, विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होती. कोंबडीची पिलं आईला कशी ओळखतात, असा काहीतरी तिचा अभ्यास. अंडी तिथल्या उबवणीच्या मशीनमध्ये ठेवली होती. पंचाण्णवच्या ऐन थंडीत ती मशीन बंद पडली. सर गावाला गेलेले. मग पोरीनं अंडी कापसात गुंडाळली, आईच्या शालीत बांधली आणि रिक्षानं घरी आणली.

"बाबा, ही अर्धी तयार झालीत. गार पडली तर सगळी मरतील. अब बताइए, क्या करूँ?"

तिनं एक अंडं टॉर्चवर धरून मला दाखवलं. आत लाल शिरा होत्या आणि मधे एक ठिपका हलत होता. गीता, म्हणजे माझी बायको, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. घरात काहीतरी धडधडतंय हे बघून मला बरं वाटलं. मी म्हटलं, ठेव इथे, तुझा बाप कशाला आहे?

मी खोक्यात बल्ब लावून मशीन तयार केली. झकास झाली! ती सुरू केली आणि बिजली गेली. आमच्या गल्लीतली बिजली जावयासारखी, येते ती कौतुक करून घ्यायला आणि जाते ती न सांगता. शेवटी अंडी पोटाशी घेऊन मी रजईत झोपलो. कूस बदलायची नाही, शिंकायचं नाही. ऋता उशाशी बसून सांगत होती, बाबा, खोकू नका, आत हादरे बसतात. त्या दुपारी मला बायकांचे हाल कळले.

संध्याकाळी कारखान्यातला माझा जुना जोडीदार रामजतन आला. तो गंगेपलीकडे रामनगरला राहतो. मला त्या अवस्थेत बघून तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला की त्याच्याकडे एक मुर्गी कुड़क बसली आहे. अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला मराठीत खुडूक म्हणतात, हे मला पुढे कळलं. आमच्या घरात या शब्दाची गरज कधी पडली नव्हती.

"कवनो अंडा दे दीं, बइठ जाई," रामजतन म्हणाला. "ई त आलू पर भी बइठ जाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं ती झोळ्यात घालून, वर फ्लॉवरचे गड्डे ठेवून आणली. जिन्यात नेमके शास्त्रीबुवा भेटले. झोळ्यातून आवाज आला. मी लगेच खोकलो. बुवांनी काळजीनं मला ज्येष्ठमध चघळायला सांगितलं.

छतावर आमची कोळशाची जुनी कोठरी आहे. तिथे कोंबडी बसवली. तिनं एकेक अंडं चोचीनं पोटाखाली ओढलं, अंग फुगवून कढईवरच्या झाकणासारखी बसली आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की माझ्या खोक्याची मला लाज वाटली.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच पंधरवड्यात गीतेचं वर्षश्राद्ध होतं. त्यासाठी तिची थोरली बहीण, विद्युल्लताअक्का, ग्वाल्हेरहून आल्या. अक्कांचं सोवळं एवढं कडक, की त्या भिजवलेल्या डाळीलाही पुन्हा आंघोळ घालतात.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गीतेच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. आम्ही घाटावर ताटकळत उभे राहिलो, आणि शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववावा लागला. गीतावहिनींची काहीतरी इच्छा राहिली, असं गल्लीत वर्षभर चाललं होतं. माझ्यासमोर कोणी बोलत नसे, पण मी आलो की गप्प होत. या वेळी घास ठेवला की खराखुरा कावळा यायलाच हवा, एवढंच मला हवं होतं. त्याची तयारीही मी केली होती. कितीतरी महिने रोज सकाळी छतावर शेव टाकून मी कावळ्यांशी ओळख वाढवली होती. एक तर हातातून खाऊ लागला होता!

पण हल्ली ते येईनासे झाले होते. धुकं फार पडतं म्हणून येत नसतील, असं मी धरून चाललो. इंजिनवाला माणूस, दोन आणि दोन चार हे मला नकाशा असला तरच जमतं.

कोठरीतून आवाज यायचे. अक्कांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझं पोट बिघडलंय. परिणामी मला सकाळ-संध्याकाळ मुगाचं पाणी आणि हिंग मिळू लागलं. आवाज काही थांबेना, म्हणून अक्का हिंग वाढवत राहिल्या.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी ऋता धावत खाली आली आणि माझ्या कानात म्हणाली, "बाबा, सगळी बाहेर आलीत. एकही वाया नाही गेलं." कोंबडी रामजतनकडे परत पाठवायचा माझा बेत तिथेच बारगळला. एवढ्या थंडीत ओली पिलं गंगेपलीकडे कशी न्यायची? मी कोठरीला कडी लावली आणि देवावर भार टाकला.

श्राद्ध नीट पार पडलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळा स्वयंपाक अक्कांनी एकटीनं केला होता. शास्त्रीबुवा आणि आणखी दोन ब्राह्मण जेवायला थांबले होते. आमच्याकडे कावळ्यानं घास घेतल्याशिवाय कोणी जेवत नाही. छताच्या कठड्याजवळ मी पत्रावळीवर घास ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो.

एक कावळा कठड्यावर आला. माझाच! मी ओळखलं त्याला. तेवढ्यात कोठरीतून घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा आवाज आला. कावळा उडाला. आणखी एक आला, पुन्हा तोच आवाज, तोही गेला. आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उपयोग काय?

अक्कांनी माझा दंड धरला. "सुमंतराव, ऐकलंत? कोठरीत गीता आहे."

मी हो म्हटलं. कोंबडी आहे म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं!

अक्का कोठरीपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "गीते, काय राहिलं गं तुझं? ऋताचं लग्न ना?"

आतून आलं, "कुक्."

"अक्कामावशी, आई असं नाही बोलायची," ऋता घाईनं म्हणाली.

मग अक्कांनी मला पुढे ढकललं. मी म्हटलं, मोरीचा गळका नळ दुरुस्त करतो. कावळा नाही. संकठादेवीला साडी नेसवतो. कावळा नाही. खाली वडे निवत होते. शास्त्रीबुवा पहाटेपासून उपाशी होते, आणि आता त्यांच्याही पोटातून कोंबडीसारखाच आवाज येऊ लागला होता.

"सुमंतराव," ते म्हणाले, "नळानं भागत नाही असं दिसतंय. काहीतरी मोठं सोडा."

सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. माझे ओठ जन्मापासून लाल आहेत असं मी सांगतो, पण ते जर्द्याच्या विड्यानं आहेत. लग्न झाल्यापासून गीतेनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि मी दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणत आलो होतो.

मी त्या पत्रावळीकडे बघितलं. धुक्यातून जरासं ऊन आलं होतं, आणि घासावर कोणीच नव्हतं.

"गीता," मी म्हटलं, "विडा सोडला. जर्दासुद्धा. आजपासून."

आणि खरं सांगतो, कावळा उतरला! थेट पत्रावळीजवळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशासाठी ते विचारू नका. कावळ्यानं मान वाकवली, आणि घास घेण्याआधी सोबत्यांना बोलवायला एकदा 'काव' केलं.

तेवढं पुरलं. कोठरीची कडी ताडकन तुटली आणि कोंबडी तोफेच्या गोळ्यासारखी बाहेर आली! मागून पिलं, पिवळ्या मोहऱ्या सांडाव्यात तशी. कावळा पार मणिकर्णिकेच्या बाजूला पळाला. कोंबडी पत्रावळीवर उभी राहिली आणि तिनं वडा फोडला. पण खाल्ला नाही. कुट-कुट करून पिलांना बोलावलं आणि त्यांच्यापुढे एकेक तुकडा टाकत राहिली. पिलांचं झाल्यावर उरलेला चुरा तिनं टिपला.

गीताही असंच करायची. आम्हाला वाढून झालं की कढईला लागलेलं खरवडून खायची. ऋतानं माझा हात धरला.

मागून अक्का म्हणाल्या, "ही कोंबडी आहे."

"हो," मी म्हटलं.

"श्राद्धाच्या घरात."

"हो."

"म्हणजे तुमचं पोट..."

"पोट बरं आहे, अक्का."

अक्का शास्त्रीबुवांकडे वळल्या. आता हे श्राद्ध झालं की बुडालं, ते सांगा म्हणाल्या. बुवांनी कोंबडीकडे बघितलं, मग खाली वड्यांच्या वासाच्या दिशेनं बघितलं.

"विद्युल्लताबाई," ते म्हणाले, "चोच आहे, पंख आहेत. गेल्या वर्षी आपण गवताच्या कावळ्यावर भागवलं. ही निदान जिवंत आहे, आणि मागायला पोरंही घेऊन आली. पानं मांडा."

अक्कांनी पानं मांडली. मग सगळ्या छतावर गंगाजल शिंपडलं, आणि मला त्या थंडीत संकठा घाटावर नेऊन तीनदा बुडवलं. ग्वाल्हेरला परतायच्या दिवशी मात्र त्या छतावर गेल्या, आणि लांबूनच, हात न लागू देता, मूठभर तांदूळ कोठरीकडे फेकून आल्या.

मी शास्त्रीबुवांना एकटं गाठलं. घास कावळ्यानं घेतलेला नाही, तेव्हा माझं वचन तांत्रिकदृष्ट्या लागू होत नसावं, असं सुचवून बघितलं. बुवा म्हणाले, "पक्षी मी नाही, तुम्ही आणला होता."

तर आता मी काशीत राहून विडा खात नाही. कोपऱ्यावरचा पानवाला मला आजारी समजतो. कोणी सोडवला म्हणून लोक विचारतात. मी सांगतो, बायकोनं.

कोंबडीचं नाव कोणत्या तोंडानं घेऊ?