शिंगोजीची जागती झोप

एका जंगलात, बाळांनो, एक बाई भिंतीच्या आत बसली होती.

घाबरू नका. तिला कोणी कोंडलं नव्हतं. ती आपल्या पायांनी आत गेली होती आणि दारही तिनेच लिंपून घेतलं होतं. ती धनेश पक्षीण होती. नाव सगुणा. धनेशांत अशी रीतच आहे. अंडी घालायची वेळ आली, की बाईने झाडाच्या ढोलीत जायचं. चिखल, शीट आणि फळांचा चोथा कालवून दार बंद करायचं. चोच जाईल एवढी फट ठेवायची. मग पंखांची मोठी पिसं गाळून टाकायची आणि नवी येईपर्यंत आत बसून राहायचं. तोवर नवऱ्याने फटीतून खाऊ घालायचं.

ही रीत कोणी काढली, असं तुम्ही विचाराल. शेजारच्या फांदीवरची शेकरीण म्हणायची, "बाहेर राहणाऱ्याने." पण शेकरीण तोंडाळ होती. तिचं कशाला ऐकायचं?

सगुणेच्या नवऱ्याचं नाव शिंगोजी. चोच मोठी, चोचीवरचा टोप मोठा आणि आवाज त्याहून मोठा. सुरुवातीला तो बरा वागला. सकाळी उंबरं आणायचा, दुपारी वडाची फळं. कधी चवीला एखादा सरडा. फटीतून चोच आत यायची, सगुणा फळ घ्यायची, बाहेर पंख फडफडायचे. तिला तेवढं पुरेसं होतं.

एक दिवस तो उशिरा आला. चोचीत एकच उंबर होतं, तेही किडकं. डोळे मात्र चमकत होते.

"अगं, मला सर भेटले!"

"कोण सर?"

"अधोमुख सर. पलीकडच्या वडावरचे. वडवाघूळ."

"ते उलटं लटकतं ते?"

"उलटे आपण आहोत, सगुणा. ते सुलट आहेत. पहिल्याच वर्गात हे शिकवतात."

अधोमुख सर स्वप्नविद्या शिकवत. म्हणजे झोपेत जागं राहायचं. स्वप्न चालू असतानाच ओळखायचं, की हे स्वप्न आहे. एकदा ओळखलं, की आपण त्या स्वप्नाचे मालक. हवं तिथे उडा, हवं ते खा, हव्या त्या वाघाच्या थोबाडीत मारा.

"आणि जागेपणी काय करायचं?" सगुणेने विचारलं.

"जागेपणी सराव करायचा."

सराव सोपा होता. अधूनमधून हातातलं काम सोडायचं. पायाची बोटं मोजायची. मग गंभीर चेहरा करून स्वतःला विचारायचं, "मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?" बोटं कमीजास्त भरली, तर स्वप्न. बरोबर भरली, तर नशीब फुटकं.

शिंगोजी मन लावून सराव करू लागला. उंबराच्या फांदीवर बसायचा, फळाला चोच लावायचा आणि बोटं मोजायला घ्यायचा. तेवढ्यात हरियल येऊन फळ घेऊन जायचे. हरियलांना आपल्या पायाला बोटं किती हे आजही ठाऊक नाही. त्यांची पोटं मात्र भरलेली असत.

नुसत्या सरावाने भागेना. सर म्हणाले, आहाराची जोड हवी. त्यांच्याकडे स्वप्नवटी मिळत असे. जायफळ, वेखंड, ब्राह्मी आणि एक गुप्त घटक. एक गोळी झोपताना. दुसरी पहाटे उठून घ्यायची आणि पुन्हा झोपायचं. गोळ्यांच्या बदल्यात सर फक्त फळं घेत. कारण ते विरक्त होते.

इकडे ढोलीत दोन पिल्लं झाली होती. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. दोघं उघडीबोडकी, सारखी आ वासलेली. सगुणा दिवसभर फटीला डोळा लावून बसू लागली. बाहेर पंख वाजले, की तिघांच्या माना वर होत. पुष्कळदा तो दुसराच कोणी असे.

एका सकाळी शिंगोजी आला. ओरडतच आला.

"जमलं! सगुणा, जमलं! स्वप्नात मला कळलं, की हे स्वप्न आहे!"

"काय आणलंत?"

"अगं, ऐक तर. मी उडालो. डोंगरावरून उडालो!"

"ते तुम्ही रोजच उडता."

"हे वेगळं उडणं. मग मी तुझ्यासाठी उंबरं आणली. ढीगभर! रसाळ, लालबुंद. तू इतकी खूश झालीस!"

"मी?"

"म्हणजे स्वप्नातली तू."

सगुणेने पिल्लांकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "तिला मुलं किती आहेत?"

"तिला मुलं नाहीत," शिंगोजी म्हणाला. "मुलं असली की स्वप्न स्थिर राहत नाही. सर म्हणतात."

त्याने आपल्या पायाची बोटं मोजली, सुस्कारा सोडला आणि तो वर्गाला गेला.

शेकरीण हे सगळं ऐकत होती. ती फांदीवरून ओरडली, "सगुणा, त्या वडावर काय चालतं ठाऊक आहे का? सगळे दुपारभर घोरतात! तुझा नवरा सगळ्यात पुढे बसतो."

"सराव करतात ते," सगुणा म्हणाली. नवऱ्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नावं ठेवलेली तिला अजून खपत नव्हती. अजून, बरं का.

पुढे शिंगोजीचं येणं आणखी कमी झालं. आला की बोलायचाच जास्त. स्वप्नात त्याने तळं प्यालं होतं. गरुडाला शरण आणलं होतं. एका स्वप्नात तर सगळ्या जंगलाने त्याला राजा केलं, पण त्याने नम्रपणे नकार दिला. सगुणा फटीतून ऐकायची. तिच्या पाठीमागे पिल्लं ओरडायची. ती त्यांना चोथा पुन्हा पुन्हा चिवडून द्यायची.

मग एक दिवस फटीतून काहीतरी गोल आत आलं. दोन्ही पिल्लं झेपावली. सगुणेने त्यांना मागे सारलं आणि वास घेतला.

"हे काय आहे?"

"स्वप्नवटी!" बाहेरून शिंगोजी म्हणाला. "मी सरांशी तुझ्याबद्दल बोललो. ते म्हणाले, घरातल्यांनाही यात आणा. तू ही घे आणि झोप. स्वप्नात पोटभर जेव. मग मला रोज हेलपाटे नकोत आणि तुलाही वाट बघायला नको. एकदा आत्मसात झालं की कसला त्रासच नाही बघ."

सगुणेने गोळीचा पुन्हा वास घेतला. घर लिंपताना तिने सगळ्या तऱ्हेची शीट हाताळली होती. गुप्त घटक तिला तेव्हाच कळला.

"अहो, यात वाघळाची लेंडी आहे."

"असेल. पण ती सरांची आहे."

तिने गोळी फटीतून बाहेर ढकलली. शिंगोजीने ती हवेतच झेलली. वाया कशाला घालवायची?

त्याच दुपारी धाकट्याने आ वासणं बंद केलं.

सगुणेने त्याला चोचीने हलवलं. त्याने डोळे उघडले आणि मिटले. ओरडला नाही. थोरली त्याला तुडवत पुढे आली आणि ओरडू लागली. सगुणेने फटीतून बाहेर पाहिलं. ऊन होतं. पलीकडच्या वडावरून घोरण्याचा संथ आवाज येत होता.

तिने चोच उचलली आणि भिंतीवर मारली.

आपणच कालवून कालवून पक्की केलेली भिंत होती ती. सहज कशी फुटेल? ती मारत राहिली. ढपले पडू लागले. शेकरीण धावत आली.

"अगं, खुळी का तू? पंख कुठे आहेत तुला? नव्या पिसांचे नुसते खुंट आलेत!"

"पाय आहेत," सगुणा म्हणाली आणि बाहेर पडली.

ढोली ज्या बेहड्याच्या झाडात होती, त्याच्या फांद्या पलीकडच्या वडाला भिडल्या होत्या. ती फांदीवरून चालत निघाली. अंग आखडलं होतं. वारा आला की तोल जायचा. अशा वेळी धनेशाला खाली बघायची सवय नसते, कारण पडण्याचा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नसतो. सगुणेने खाली बघितलं. मग तिने चोचीने फांदी धरली आणि पुढचं पाऊल टाकलं.

वडावर दुपारचा वर्ग भरला होता. सगळे शिष्य झोपले होते. अभ्यासक्रमच तसा होता. दोन माकडं, एक साळिंदर, आणि पुढे शिंगोजी. त्याच्या चेहऱ्यावर तृप्त हसू होतं. फांदीच्या बेचक्यात फळांचा ढीग रचलेला होता. उंबरं, वडाची फळं, जांभळं. सगुणेने त्यातली फळं गळ्यात भरायला सुरुवात केली.

वर लटकलेल्या अधोमुख सरांनी एक डोळा उघडला.

"बाई, ती दक्षिणा आहे."

"ठाऊक आहे. माझ्याच घरून आलीय."

"पण तुमची नोंदणी झाली आहे का?"

"सर, झोपा तुम्ही. तुम्हाला स्वप्न पडलंय."

सरांनी विचार केला. तसं नाहीच, हे कशावरून सांगणार? त्यांनी डोळा मिटला.

सगुणा गळा भरून परत चालत आली. थोरलीने उंबर गिळलं. धाकट्याच्या चोचीत तिने रस पिळला. तो ओघळून गेला. तिने पुन्हा पिळला. पुन्हा ओघळला. तिसऱ्यांदा मात्र धाकट्याचा गळा हलला. सगुणा तशीच मागे वळली आणि आणखी फळं आणायला निघाली.

संध्याकाळी शिंगोजी घरी आला. भिंत फुटलेली. बायको बाहेर. तीही चिखलाने माखलेली, पंखांवर खुंट आणि चोचीत फळ. असं तर कधीच नसतं! शिंगोजी दचकला आणि मग आनंदाने ओरडला, "कळलं मला! हे स्वप्न आहे!"

तो फांदीवर ताठ बसला आणि आज्ञा करू लागला.

"हे स्त्री, सुंदर हो!"

सगुणेने धाकट्याला भरवलं.

"हे भिंती, सांध!"

भिंत सांधली नाही.

"हे स्त्री, अदृश्य हो!"

"अहो, थोडं सरका," सगुणा म्हणाली. "वाटेत बसलात."

शिंगोजी गोंधळला आणि सरांकडे गेला. स्वप्न ओळखलं, पण ते ऐकत नाही, अशी त्याने तक्रार केली. सर गहिवरले. म्हणाले, ही तर शेवटची पायरी. स्वप्न इतकं पक्कं झालं, की ते आता खऱ्यासारखं उद्धट वागतंय. इथवर आजवर कोणी पोचलं नव्हतं.

शिंगोजीचा जाहीर सत्कार झाला. सगुणा गेली नाही. तिला पिल्लांची पोटं भरायची होती. शेकरीण मात्र गेली आणि सगळं बघून आली.

"स्वप्नमार्तंड अशी पदवी दिली गं! वाघोबा अध्यक्ष होते. ते पूर्ण वेळ झोपले होते, म्हणून विषय त्यांनाच सगळ्यात जास्त कळला, असं आभार मानणारा म्हणाला."

"आणि हे काय बोलले?"

"म्हणाले, मी माझ्या कुटुंबाला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही. केवढ्या टाळ्या पडल्या! तुझंही नाव घेतलं हं. म्हणाले, माझ्या साधनेत तिने कधी अडथळा आणला नाही."

सगुणा धाकट्याला फांदीवर उभं राहायला शिकवत होती आणि तो सारखा घसरत होता.

यथावकाश सगुणेचे पंख आले. पिल्लांचेही आले. निघायच्या दिवशी ती वडावर गेली. शिंगोजी झोपला होता. आता तो शिष्यांना शिकवायचा, म्हणजे त्यांच्या आधी झोपायचा.

तिने खूप बोलायचं ठरवून ठेवलं होतं. एकेक वाक्य घोळवून घोळवून तयार होतं. पण झोपलेल्याशी भांडायचं तर तिलाही स्वप्नवटी घ्यावी लागली असती.

"अहो, आम्ही निघतो," ती एवढंच म्हणाली. "नदीपलीकडे."

"हो, हो," शिंगोजी झोपेतच हसला. "तिथेच ठेव."

ती क्षणभर थांबली. मग तिघं उडाली.

पुढच्या हंगामात नदीपलीकडे सगुणेने नवी ढोली बघितली. नवरा नवा. हा फारसा हुशार नव्हता. त्याला स्वप्नं पडत नसत, आणि पडली तरी सकाळी आठवत नसत. चार शब्द धड बोलताही येत नसत. कारण घरी यायचा तेव्हा त्याच्या चोचीत उंबर असायचं.

तात्पर्य: झोपेत जागं राहायची विद्या थोर आहे, बाळांनो. ती जरूर शिका. फक्त शिकण्याआधी, आपल्या वाटणीचं जागेपणी जागं राहणारं कोणीतरी घरात आहे ना, तेवढी खात्री करून घ्या.