दौलतचे केस

दौलतचे केस कापायचे, हा निर्णय मी मंडल ऑफिसातून, म्हणजे आमच्याकडच्या तहसील कचेरीतून, घरी येताना सायकलवर घेतला. माझे बहुतेक चुकीचे निर्णय सायकलवरच झालेले आहेत. (बरोबर निर्णय कुठे झाले ते आठवत नाही.)

त्या दिवशी चहाच्या वेळी आमचे हेडक्लार्क सुधाकरराव सगळ्यांसमोर म्हणाले, "लक्ष्मणराव, काल स्टँडवर तुमचा पोरगा पाठमोरा दिसला. मले वाटलं, तुमाले पोरगीबी हाये की काय."

सगळे हसले. मीही हसलो, कारण माझी रजा सुधाकररावच मंजूर करतात. पण बेला गावातल्या कच्च्या रस्त्याने घरी येईपर्यंत केसांचं ठरलं होतं.

दौलत माझा एकुलता एक मुलगा. सोळा वर्षांचा, रोज बसने आदिलाबादला इंटरला, म्हणजे अकरावीला, जायचा. मागच्या साली मी टायफॉइडमधून उठलो तेव्हापासून त्याने केसांना कात्री लावू दिली नव्हती. ते आधी कानावर आले, मग मानेवर, मग खांद्यावर टेकले. ब्याण्णव साल होतं, गावातल्या अर्ध्या पोरांनी कुठल्या ना कुठल्या हिरोसारखे केस ठेवले होते. मी तेच समजलो.

"काय हिरो, पिक्चर कवा लागून राह्यला?" जेवताना मी विचारायचो.

"बाबा, थे केस मी..."

"मले शिकवू नको. जेव."

तो जेवायचा. मला वाटायचं, आपण जिंकलो.

रविवारी दुपारी तो मामाच्या वावरातून कापूस वेचून आला आणि ओसरीवरच्या बाजेवर आडवा होऊन गाढ झोपला. बायको शेजारी गेली होती. मी तिची शिवणाची कात्री घेतली. फक्त कानाजवळचे दोन बोटं कमी करायचे, एवढाच माझा बेत होता. पण ती कात्री ब्लाउजांना सरावलेली. तिने दोन बोटांऐवजी बाहीची मापं घेतली. डावी बाजू फारच कमी झाली म्हणून मागचे थोडे सारखे केले. मागचे सारखे होईनात म्हणून आणखी घेतले. उजवी बाजू उशीला टेकलेली होती. तो कूस बदलेल म्हणून मी कात्री धरून वाट पाहत बसलो.

त्याने कूस नाही बदलली, डोळे उघडले. हात कानाकडे गेला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

तो भांडेल म्हणून माझी उत्तरं तयार होती. शिस्त, अभ्यास, खानदान, सगळं पाठ होतं. तो भांडलाच नाही. बाजेखाली वाकला आणि जमिनीवरचे केस एकेक करून गोळा करायला लागला.

एवढ्यात बायको, द्वारका, आली. तिने पोराकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कात्रीकडे.

"हे काऊन केलं?"

"थोडे कमी केले."

"थे बासरच्या देवीले वाहायचे केस होते," ती खाली बसत म्हणाली. "तुमी तापात बरळून राह्यले होते, तवा पोरगं दवाखान्याच्या पायरीवर बसून नवस बोललं होतं. बाबा घरी आले तर केस वाढवून सरस्वतीले देईन म्हणून. या सुट्टीत जायचं होतं."

"मले कोणी सांगितलं नाही."

"थो सांगाले गेला की तुमी त्याले हिरो म्हणत होते."

(माणसाला आपला आवाज सगळ्यात जास्त ऐकू येतो. बाकीचं त्यात बुडून जातं.)

दौलत आठवडाभर माझ्याशी अगदी अदबीने बोलला. हो बाबा, नाही बाबा, चहा घेता का बाबा. एवढी अदब तर मी तहसीलदारालाही कधी दाखवली नव्हती. मला वाटायचं, एकदा तरी याने भांडावं. कापलेले केस त्याने कागदात बांधून देव्हाऱ्याजवळ ठेवले होते, ती पुडी दिसू नये म्हणून मी देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवायला बसायचो.

शेवटी मीच म्हणालो, "चल, बासरले जाऊ."

बसमध्ये तो खिडकीजवळ बसला, टॉवेल डोक्याला गुंडाळून. निर्मल गाव येईपर्यंत मी बोलायला विषय शोधत होतो. सापडला तो अभ्यासाचा. मग मी तिकिटंच दोनदा मोजली.

बासरला घाटाजवळच्या न्हाव्यापुढे मी पुडी ठेवली. त्याने उघडून पाहिली. आत केस होते, थोडा कापूस होता आणि ब्लाउजाचा हिरवा दोरा होता.

"ये किसका है?"

"लडके का. नींद में कट गये."

"नींद में किसने काटे?"

दौलतने माझ्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "ऐसेच कट गये."

माझं नाव घेतलं नाही, ते मला जास्त लागलं. मी टोपी काढून न्हाव्यापुढे बसलो. "जितके कम पडे, उतने मेरे ले लो."

न्हाव्याने माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि दौलतला म्हणाला, "बेटा, तेरे बाप का मन्नत तो कब का पूरा हुआ दिखता."

दौलत हसला. माझ्याकडे बघून नाही, न्हाव्याकडे बघून. तरी हसला. मग त्याने उरलेली उजवी बाजू न्हाव्याला दिली आणि पुडी गोदावरीत सोडली.

परतीच्या बसमध्ये भैंसा गाव मागे पडल्यावर मी घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी विचारणार होतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबणार होतो.

"दौलत, माझ्यासाठी देवीपाशी अजून काही मागितलं होतं का?"

"मागितलं होतं."

"काय?"

"बाबा बरे झाल्यावर जरा हळू बोलत जाऊ दे म्हणून. थेवढं देवीनं ऐकलं नाही."

"मी? मी कवा जोरात बोललो?" मी विचारलं.

कंडक्टरला वाटलं, कोणीतरी उतरायचं आहे. त्याने घंटी मारून बस थांबवली.