चेंडूने खाल्लेले दोन इंच

मास्तरांनी त्या दिवशी सकाळी घेतलेला निर्णय तसा अगदीच लहान होता. टेपचं चावलेलं टोक कात्रीनं सरळ कापून टाकायचं आणि घरात कुणाला एक अक्षर बोलायचं नाही. बस्स, एवढंच. (घरात कुणाला म्हणजे बायकोला. तिच्याखेरीज घरात होता तो चेंडू, आणि त्याला सगळं माहीतच होतं. टेप त्यानंच खाल्ली होती.)

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. खिडकीशी मशीन, मधोमध कटिंगचं टेबल, भिंतीला उभा आरसा आणि टेबलाखाली चेंडू. चेंडू हा कुत्रा. पिल्लू होता तेव्हा गोल होता म्हणून चेंडू. पुढे तो चांगला लांबट झाला, पण पडलेलं नाव कोण बदलतो? रंग दुधाळ चहाचा, एक कान उभा, दुसरा पडलेला, आणि चेहरा असा बिचारा, की बघणाऱ्याला वाटावं, याला आठवडाभर कुणी जेवायला घातलेलं नाही. प्रत्यक्षात त्यानं नुकताच बटणांचा डबा उपडा करून त्यातली चार गिळलेली असायची.

मास्तरांचा त्याच्यावर भारी जीव. दिवसभर एकटं बसून काम करणारा माणूस, बोलणार कुणाशी? मशीनशी बोललं तर लोक वेडा म्हणतात, कुत्र्याशी बोललं तर प्रेमळ म्हणतात. कापडावर खडूनं रेघ मारली की मास्तर टेबलाखाली वाकून विचारणार, "काय रे, जमलंय ना?" चेंडूनं शेपटी जमिनीवर आपटली की मगच कात्री चालणार. अशा पद्धतीनं कापलेले कपडे आज निम्म्या गावाच्या अंगावर आहेत, आणि गावाला त्याचा पत्ता नाही.

वहिनींचं मात्र वेगळं होतं. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. काजं करणं, बटणं लावणं, मापं लिहून घेणं आणि मास्तरांना शिस्त लावणं, ही चारही कामं त्यांच्याकडे. गेल्याच आठवड्यात चेंडूनं एका गिऱ्हाइकाच्या पॅंटचा एक पाय तोंडात धरून गल्लीच्या टोकापर्यंत मिरवणूक काढली, तेव्हा वहिनींनी दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं होतं :

"आता दुकानातली अजून एक वस्तू याच्या तोंडात गेली ना, की हा गेला माझ्या भावाकडे! तिथं मोठी बाग आहे. हिंडू दे म्हणावं तिथं मोकळा."

"अगं, पण तुझा भाऊ राहतो कुठे! दिवसभराचा प्रवास."

"म्हणूनच म्हणतेय. परत यायला नको."

वहिनी बोलतात ते करतात, हे सगळ्या गल्लीला माहीत. (भिंती पातळ आहेत. आपण मुद्दाम ऐकायला जात नाही, पण कान काय झाकून ठेवायचे?)

आणि आता ही टेप. रात्री मास्तर ती टेबलावरून उचलून ठेवायला विसरले. सकाळी बघतात तर पितळी टोक गायब, आणि पुढचा भाग चावून चावून गवतासारखा झालेला. चेंडू शेजारीच बसून भिंतीकडे बघत होता. भिंतीवर काही नव्हतं.

"अरे गाढवा," मास्तर कुजबुजले, "खायला टेपच सापडली? एक दिवस दम धरवत नव्हता?"

नवी टेप आणावी, तर दोरे-बटणांचं दुकान वहिनींच्या बालमैत्रिणीचं. मास्तर टेप घेऊन घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असती. म्हणून मास्तरांनी कात्री घेतली, दोनच्या आकड्यावर टेप सरळ रेषेत कापली, चोथा खिशात कोंबला आणि मनाशी हिशेब पक्का केला. टेप आता दोनापासून सुरू होते. म्हणजे जे माप येईल त्यातून दोन वजा करायचे. सोपं आहे. कापडावर आखायला लाकडी पट्टी होतीच. टेपचं काम फक्त माणसाच्या अंगावर.

आणि त्याच सकाळी आले दातांचे डॉक्टर.

डॉक्टर चौकातले. त्यांच्या खुर्चीत बसून आ करायची पाळी गल्लीतल्या प्रत्येकावर कधी ना कधी आलेली. त्यांच्या मंडळातर्फे त्यांचा सत्कार होता, त्यासाठी नवा कोट हवा होता. माणूस मोठा हुशार, हात हलका, पण एकच अडचण : दुसऱ्यांच्या दातांत उभं आयुष्य घालवलेला हा माणूस कुत्र्याच्या दातांना जाम भ्यायचा. दारातूनच त्यांनी विचारलं, "बांधलाय का?"

"आत कोंडलाय हो, या तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी माप घ्यायला सुरुवात केली. पद्धत नेहमीचीच : मास्तर मोठ्यानं सांगणार, वहिनी लिहिणार. छातीला टेप बेचाळीस दाखवत होती. मास्तरांनी मनात दोन वजा केले आणि ऐटीत सांगितलं, "छाती चाळीस!"

वहिनींचं पेन जरा थबकलं. मग त्यांनी लिहिलं.

"खांदा अठरा! बाही चोवीस!"

दर वेळी वहिनी किंचित थांबायच्या, छताकडे बघायच्या आणि मग लिहायच्या. मास्तरांना वाटलं, पेन नीट उमटत नसेल. त्यांचं स्वतःचं लक्ष वजाबाकीत. कपाळावर घाम जमला होता.

"मास्तर, बरं नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे छे, मस्त आहे! उंची एकोणतीस!"

"ट्रायलला कधी येऊ?"

इथं मास्तरांनी थोडं अंगावर घेतलं. "तुम्हाला ट्रायल कशाला डॉक्टरसाहेब? माझं माप म्हणजे माप. एकदम सत्काराच्या दिवशी या, घाला आणि जा."

डॉक्टरांनाही ते पटलं. पुन्हा या घरात यायचं म्हणजे पुन्हा तो कुत्रा.

कोट झाला मात्र देखणा. राखाडी कापड, आतून रेशमी अस्तर, कॉलर अशी बसलेली की हात फिरवावासा वाटे. मास्तरांनी तो हॅंगरला लावला आणि टेबलाखाली वाकले. "काय रे?" शेपटी आपटली. शेपटी काय, ती मास्तरांनी नुसतं नाव घेतलं तरी आपटते. पण कलावंताला तेवढं पुरतं.

सत्काराच्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. सुगंधी, गुळगुळीत, भाषणाचे कागद खिशात. त्यांनी एक हात कोटात घातला, ठीक. दुसरा हात घातला. तो अर्ध्यात अडकला.

"नवं कापड आहे, जरा धरतं," म्हणत मास्तरांनी मागून जोर लावला. हात गेला. कोटही अंगात गेला. पण आता डॉक्टरांचे दोन्ही खांदे मागे ओढले गेले होते, छाती पुढे आली होती, मनगटं बाहीतून बाहेर डोकावत होती, आणि बटणं आणि काजं यांच्यात एवढं अंतर होतं की त्यांची या जन्मी गाठ पडेल असं वाटेना.

"मास्तर," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले (मोठा श्वास घेणं शक्य नव्हतं), "हा कोट माझाच ना?"

"तुमचाच हो! म्हणजे... श्वास सोडून बघा."

"सोडलाय. आता घेता येत नाहीये."

"मग काढा, काढा."

"निघत नाहीये."

वहिनी आतून धावत आल्या, आणि त्या धांदलीत आतल्या खोलीचं दार उघडंच राहिलं. त्यांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे.

"अहो, हे काय शिवलंत? याच्यात तर त्यांचा मुलगा मावायचा नाही!"

"तू दिलेल्या मापानं शिवलाय! छाती अडतीस."

"अडतीसच लिहिलं होतं मी."

"पण मी चाळीस सांगितलं होतं!"

"चाळीस सांगितलंत म्हणून तर अडतीस लिहिलं!"

डॉक्टरांच्या नाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

"म्हणजे काय?" मास्तर म्हणाले.

"म्हणजे काय म्हणजे? टेप दोन इंच आखूड आहे ना तुमची! ती जे दाखवेल त्यातून दोन वजा नको करायला?"

"ते मी केलं होतं!"

"कधी?"

"बोलण्याच्या आधीच!"

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. मग दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला, आणि दोघंही एकदमच ओरडले, "म्हणजे तुला माहीत होतं?" "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार? टेप मीच कापली!" मास्तर म्हणाले. "पण तुला कसं कळलं?"

"झाडताना मशीनखाली पितळी टोक सापडलं. दातांच्या खुणांसकट. नंतर बघते तर टेप दोनाच्या आकड्यापासून सुरू. मला वाटलं, तुमच्या गावीच नाही, नेहमीसारखंच. म्हणून मी आपली गुपचूप वजा करत होते."

"पण मग बोललीस का नाहीस?"

वहिनींनी पदर की दोरा, काहीतरी उगाच बोटाला गुंडाळायला घेतलं. गल्लीभर ज्यांचा आवाज पोचतो त्या वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "बोलले असते तर त्याला पाठवावं लागलं असतं. सगळ्यांसमोर म्हटलं होतं ना मी. शब्द माझा, आणि कुत्राही माझा. करणार काय?"

दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली, थोडी ओशाळलेली, थोडी हसू दाबत. प्रसंग तसा हळवा होता. तिसरा माणूस मध्ये नसता तर आणखी लांबला असता.

"तुमचं झालं असेल," आरशापाशी पंख बांधलेल्या कोंबड्यासारखे उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "तर मला यातून कुणी..."

वाक्य तिथंच थांबलं, कारण उघड्या दारातून चेंडू आला होता. खोलीत एक माणूस हात मागे करून उभा आहे, त्याच्या बाह्या ताणल्यायत, म्हणजे हा ओढाओढीचा खेळ आहे, याविषयी चेंडूच्या मनात काडीचीही शंका नव्हती. त्यानं बाहीचं टोक अलगद दातांत धरलं आणि मागच्या पायांवर बसून खेचलं.

डॉक्टर पांढरेफटक पडले. "मा... मास्तर..."

"हलू नका!" मास्तर ओरडले. "चेंडू, सोड! सोड म्हणतो ना!"

"नको, सोडू नको!" वहिनी ओरडल्या. "येतोय कोट! ओढ रे बाळा, ओढ!"

टर्रर्र असा आवाज झाला, पाठीची शिवण उसवली, आणि डॉक्टर मोकळे झाले. कोट चेंडूच्या तोंडात, आणि डॉक्टर खुर्चीत कोसळलेले. चेंडूनं कोट आणून त्यांच्या पायाशी ठेवला आणि पुन्हा एकदा फेका, अशा अपेक्षेनं तोंड उघडून बसला. ते तोंड डॉक्टरांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. डॉक्टरांनी डोळे मिटले. मग एक उघडला. मग दुसरा. भीती खरी, पण धंद्याची नजर त्याहून खरी. ते किंचित पुढे वाकले.

"सुळे काय सुंदर आहेत हो याचे," ते म्हणाले. "आणि हिरड्या! माझ्या एकाही पेशंटच्या अशा नाहीत. खायला काय देता?"

"टेप," वहिनी म्हणाल्या, आणि कोट उचलून उसवायला बसल्या.

मास्तरांचा एक गुण मानला पाहिजे, आतला दाब, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, ते सढळ सोडतात. पुढे कधी गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर उपयोगी पडतो. वहिनी उसवत गेल्या, मास्तर शिवत गेले. पाठ सोडली, बगला सोडल्या, बाहीची दुमड उलगडली. खांद्यांना काही करता येईना, तेव्हा आतले पॅडच काढून टाकले. दोघांपैकी कुणी कुणाला बोल लावत नव्हतं. मशीन थांबलं की मधूनच कुणीतरी खुदकन हसायचं. डॉक्टर चहा पीत बसले होते. आधी त्यांनी पाय खुर्चीवर घेतले होते. मग चेंडू त्यांच्या बुटांशी झोपला तेव्हा बूट हलवायचा धीर त्यांना झाला नाही. आणि थोड्या वेळानं, धीर असूनही, त्यांनी ते हलवले नाहीत.

कोट अंगात गेला. बटणही लागलं.

"आता फक्त हात वर करू नका," मास्तरांनी बजावलं, "आणि भाषणात हातवारे अजिबात नाहीत. पाठीचं मी सांगू शकत नाही."

डॉक्टर गेले. सत्काराच्या ठिकाणी ते हात अंगाशी चिकटवून, मान न वळवता, मोजक्या शब्दांत बोलले आणि खाली बसले. लोक अजून सांगतात, इतकं भारदस्त आणि संयमी भाषण त्या मंडळात पूर्वी कधी झालं नव्हतं. नेहमी म्हणे डॉक्टर फार हात नाचवतात.

खूश होऊन त्यांनी दुसऱ्या कोटाची ऑर्डर दिली. मात्र एका अटीवर : माप वहिनींनीच घ्यायचं. ती अट वहिनींना इतकी पसंत पडली की त्यांनी ती सरसकट सगळ्या गिऱ्हाइकांना लागू केली. चेंडूला भावाकडे पाठवायचा विषय पुन्हा निघाला नाही. नवी टेप आली, ती वहिनींच्या गळ्यात.

परवा एक नवी बाई झगा शिवायला आली. मास्तर दाराबाहेर पायरीवर पेपर वाचत बसलेले. आतून वहिनींचा माप सांगण्याचा आवाज येत होता.

"आत कुत्रा आहे म्हणतात," ती बाई घाबरत म्हणाली. "काही करत नाही ना हो?"

"छे, तो काहीच करत नाही," मास्तर पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "जे काय करतो ते मी करतो. म्हणून तर मला बाहेर बसवलंय."