बंगईची जाडी

शनिवार, २८ मार्च. कमाल तापमान ४१ अंश, वारा नाही. सकाळी नऊ वाजता मी टेबल खिडकीच्या गजांना पक्कं करायचं ठरवलं. पुढच्या तीन आठवड्यांत जे झालं त्याला हा एकच निर्णय कारण आहे. पण ते मला बाविसाव्या दिवशी कळलं.

टेबलावर माझं सीएनसी राउटर असतं. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरणारं यंत्र. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हसू नये, मी ते व्हिडिओ बघून स्वतः जोडलेलं आहे.) मी जळगावात एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, वय बावन्न, आणि प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद ठेवतो. फेब्रुवारीत आंब्याच्या फळीवर मोर कोरला, तो चांगला आला. टेबल तेवढं किंचित डुलायचं. म्हणून दोन लोखंडी अँगल घेऊन ते गजांना बोल्टनं आवळलं.

दुपारी बायकोनं, नूतननं, माळ्यावरून कूलर काढायला लावला आणि तो त्याच खिडकीला बाहेरून बसवला. (याची नोंद वहीत नाही. कूलर हा घरगुती विषय आहे, तांत्रिक नाही.)

काम मोठं होतं. माझे वडील, नाना, भाद्रपदात गेले. धाकटी बहीण दिपमाला शिरपूरहून निघाली, पण तिची बस चोपड्याजवळ बंद पडली. ती पोहोचली तेव्हा आम्ही स्मशानातून परतलो होतो. नानांची सागाची बंगई, म्हणजे छताला टांगलेला झोपाळा, पुढच्या खोलीत होती. तिच्यावर बसून त्यांनी चाळीस वर्षं पेपर वाचला, आणि दिपमाला माहेरी आली की सरकून तिला जागा करून दिली. त्या दिवशी तिच्यावर भलतेच तीन पाहुणे बसले होते. दिपमाला दाराशी उभी राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "भाऊ, आखाजीला येईन. एकदा बंगईवर बसू दे मला."

नाना गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १९ एप्रिलला. मी ठरवलं, त्याच फळीवर नानांचा चेहरा कोरायचा.

"म्हणजे दिपाताई नानांच्या तोंडावर बसणार?" नूतननं विचारलं.

"खालच्या बाजूनं कोरतो. झोका वर गेला की नाना दिसतील."

"कुणाला?"

"खाली जमिनीवर बसलेल्याला."

ती पुढं काही बोलली नाही. (एकोणतीस वर्षांत तिचं गप्प बसणं मला प्रत्येक वेळी संमती वाटलेलं आहे.)

फळीची जाडी ३८ मिमी. कोरण्याची खोली ६ मिमी. ३ एप्रिलला पहिला प्रयत्न केला. नानांच्या चेहऱ्यावर शेताच्या सऱ्यांसारख्या लाटा उठल्या. यंत्र थरथरत होतं. वहीत लिहिलं: "चेहरा नापास. फक्त डावा कान स्वच्छ, ११.०५ ते ११.२०. कारण अज्ञात."

खराब भाग यंत्रानंच ७ मिमी तासून काढला. मधल्या दीड फुटात उरले ३१.

"दुसऱ्या लाकडावर करून बघा ना आधी," नूतन म्हणाली.

"सागाचा दोष सागावरच कळतो."

(हे वाक्य मी कुठं वाचलं नव्हतं. तिथल्या तिथं तयार केलं.)

धुळ्याला माझा वर्गमित्र प्रेमराज आहे, त्याचं आयुष्य लेथवर गेलं. त्याला फोन केला.

"मगन, थरथर म्हणजे बूड हलकं. रबर घाल."

रबर घातलं. लाटा तशाच. या वेळी हनुवटी स्वच्छ, पुन्हा अकराच्या सुमारास. उरले २४.

"वजन टाक मग. रेती भर."

यंत्राच्या पोकळ पट्ट्यांत रेती भरली. टेबलाच्या फळीवर चार पेव्हर ब्लॉक ठेवले, नूतनचा पाटा ठेवला, वर वरवंटाही ठेवला. तिसरा चेहराही लाटांचाच. उजवी भुवई तेवढी स्पष्ट होती, मी नानांच्या आधी पेपर उचलला की त्यांची व्हायची तशी. उरले १७.

१२ तारखेला प्रेमराज स्वतः आला. सोबत नवा स्पिंडल, म्हणजे कोरायचं पातं फिरवणारी मोटर, दीड किलोवॅटची, पाण्यानं थंड राहणारी. थरथर मोजायचं डायल गेजही आणलं. ४३ अंश होतं. तो आल्या आल्या कूलरसमोर बसला.

"वहिनी, फुल करा जरा."

नूतननं कूलर फुल केला. प्रेमराजनं गेज लावलं. काटा मेंढरासारखा उड्या मारायला लागला, आणि स्पिंडल अजून चालूही केला नव्हता.

"बघ," तो म्हणाला, "जुना स्पिंडल किती खराब आहे ते."

मी मान डोलावली आणि आकडा लिहून घेतला.

"कूलर बंद करून बघा एकदा," नूतन म्हणाली.

प्रेमराज हसला. मीही हसलो. तिला समजावलं की कूलर दहा वर्षं याच खिडकीत बसतो आणि लाटा यंदाच्या आहेत. नवा स्पिंडल बसवला, त्याच्या पाण्यासाठी न्हाणीघरातली बादली घेतली. चौथ्या चेहऱ्यावर लाटा आल्या, फक्त अधिक ताकदीनं. नाक स्वच्छ. उरले १० मिमी.

शनिवार, १८ एप्रिल. ४४ अंश. सकाळी दहाला कूलरची मोटर जळाली. मी घामानं निथळत पाचवा चेहरा सुरू केला. यंत्र तळ्यातल्या पाण्यासारखं शांत चाललं. दोन तासांनी फळीतून नाना माझ्याकडे बघत होते. भुवई, कान, हनुवटीवरची खळी, सगळं होतं. एकही लाट नव्हती. प्रेमराजला फोन करून स्पिंडलबद्दल आभार मानले.

मग वही चाळली. कान अकरा वाजता, हनुवटी अकरा, भुवई अकरा, नाक अकरा.

"नूतन, सकाळी अकराला तू काय करतेस?"

"कूलर बंद करून पाणी भरते. का?"

मी बोल्टकडे बघितलं. टेबल गजांना होतं. कूलर गजांना होता.

"काही नाही," मी म्हणालो.

रविवारी साडेदहाला दिपमाला आली. नानांच्या नावाची घागर भरून झाली होती, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवल्या होत्या. तिनं पिशवीही खाली ठेवली नाही. छताला नुसत्या कड्या लोंबत होत्या.

"भाऊ, बंगई कोठे शे?"

मी फळी आणली. तिनं चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

"नानाच शेतस," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले. "अडकव. बसते."

मी अडकवली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मग फळी उलटी करून मधोमध तळहात दाबला. फळी वाकली आणि आतून नाना कुरकुरले.

"कितली जाड शे ही?"

"कडेला अडतीस," मी म्हणालो. "मध्ये चार."

"बठ्ठी कोरी टाकी?"

सगळी कशी कोरली गेली ते दाखवायला मी वही उघडायला गेलो. नूतननं ती माझ्या हातातून घेतली आणि यंत्राकडे बोट केलं.

"ते खाली काढा आधी. दिपाताई, या टेबलावर बसा."

फळी समोरच्या भिंतीला टेकवली. दिपमाला टेबलावर चढून बसली, पाय खाली सोडले आणि पायांनी सवयीनं एक हलका रेटा दिला.

जेवणाची वेळ सोडून ती दहा पंचावन्नपासून पाच दहापर्यंत तिथं बसली. टेबल हललं नाही.