बाबीभावजींचा तीन मिनिटांचा धडा

बाबीभावजी कुणाच्याही घरात शिरले की आधी टाळी वाजवायचे. एकच, खणखणीत. मग डोळे मिटून क्षणभर थांबायचे, आणि त्यानंतर "वयनी, चाय आसा?" ओटीवर एक टाळी, माजघरात एक, न्हाणीघराचं दार उघडं दिसलं तर तिथेही एक. त्या टाळीवरून ते घराचा स्वभाव सांगत. आमची ओटी म्हणे कोरडी, आवाज घुमूच न देणारी, माजघर ओलं आणि न्हाणीघर एकदम गाणारं. वाडीत एका घरी नवी सून आली होती. तिथे टाळी वाजवून भावजी म्हणाले, "हय कोणी कुजबुजला तरी सासूक ऐकाक येतला." दुसऱ्या दिवशी त्या घरात मधल्या दाराला जाड पडदा लागला.

देवबागात आमच्या शेजारीच त्यांचं घर. बाबी तांडेल; तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, पण हे होडीवर कधी गेले नाहीत. भाड्याने लाऊडस्पीकर लावायचे. जत्रा, दशावतार, लग्न, सत्यनारायण, काही असलं की भावजी आदल्या दिवशीच जाऊन टाळ्या वाजवून यायचे. लग्न त्यांनी केलं नाही. विचारलं तर म्हणत, माझ्या घरात दोघांचा आवाज मावायचा नाही. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम: "आवाज म्हणजे मासो. ताजो आसतानाच धरूक व्हयो."

पण दोन हजार आठच्या सुमाराला तालुक्यात भिंतीएवढे डीजे आले आणि भावजींचे कर्णे खुंटीला लागले. आमच्याकडे तेव्हा पर्यटकांसाठी खोल्या आणि जेवण दोन्ही होतं. एकदा पुण्याचा एक पाहुणा उतरला, रेकॉर्डिंगच्या धंद्यातला. भावजींनी त्याच्या खोलीत शिरून टाळी वाजवली, आणि दोघं दुपारचं जेवण विसरून बोलत बसले. त्या पाहुण्याने जाताना सांगितलं, परदेशातली एक वेबसाइट आहे. आवाज कसा धरावा, कसा साफ करावा, याचे तीन मिनिटांचे धडे बोलून पाठवायचे. पसंत पडला तर पैसे देतात. मात्र एका माणसाला तीनच वेळा संधी. तिन्ही धडे परत आले तर त्याचं नाव कायमचं बंद.

भावजींनी ही गोष्ट त्याच संध्याकाळी सगळ्या वाडीला सांगून टाकली. आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

इंग्रजीचं काम माझ्याकडे आलं. माझं शिक्षण सातवी. इंग्रजी मी पाहुण्यांच्या तक्रारींवर शिकले, त्यामुळे पंखा, पाणी आणि डास यांत मी पक्की होते. तरी डिक्शनरी घेऊन बसले. भावजी मालवणीत सांगत, मी ते इंग्रजीत करून, देवनागरी अक्षरांत, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून देई. पहिला धडा अर्थातच टाळीचा: खोली कशी ओळखावी. मालवणच्या सायबर कॅफेतल्या रेश्माने तो पाठवला.

आठवड्याने परत आला. आमचा धडा चांगला आहे, पण सुरुवातीचं दीड मिनिट काय आहे ते समजलं नाही, ते काढा, असं त्यांनी कळवलं होतं.

ते दीड मिनिट म्हणजे गाऱ्हाणं होतं. आमच्याकडे नारळ ठेवून, देवाला हाक मारून, सगळं सांगून टाकल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. एक जण मागणं मागतो आणि बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. भावजींनी वाडीतली पाच-सहा माणसं मागे उभी करून, वेबसाइटवाल्यांच्या मुलाबाळांचं बरं होऊ दे इथपर्यंत सगळं मागितलं होतं.

मी म्हटलं, भावजी, काढून टाका हो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घराचं छप्पर काढा म्हटलं.

"वयनी, गाराणा घातल्याशिवाय होडी पाण्यात लोटनत नाय. आणि मी धडो लोटू?"

दुसऱ्या वेळी त्यांनी तडजोड म्हणून तेच गाऱ्हाणं इतक्या घाईत घातलं की देवालाही कागद-पेन्सिल घ्यावी लागली असती. तेही परत आलं. वाडीत आता चेष्टा सुरू झाली. मासे विकणारी जानकी येता-जाता विचारी, "बाबी, सायबान तुझो नारळ तरी परत धाडल्यान काय रे?" भावजी हसत, पण त्या दिवसांत त्यांनी आमच्याकडे येऊन टाळी वाजवली नाही. नुसते ओटीवर बसत.

एकच संधी उरली होती. मी वेबसाइटवाल्यांचं पत्र पुन्हा काढून वाचलं, तर खाली एक ओळ होती. रेश्माने आणि मी ती घाईत सोडली होती. धडा तपासणाऱ्याने विचारलं होतं: मागून एकदम ओरडणारे ते लोक कोण, आणि एवढा गलका इतका स्वच्छ कसा धरलात?

मी ती ओळ भावजींना सांगितली. ते उठून उभे राहिले.

"म्हणजे गाराणा काढ म्हणता, आणि गाराण्याचाच इचारता. मगे धडोच गाराण्याचो करूया."

पुढचे आठ दिवस देवबागात दुसरं काही चाललं नाही. एका माइकवर एक माणूस आणि तीस जणांचा घोळका कसा धरावा, हा धडा. भावजींनी वाळूत काठीने रेघा मारल्या. हळू आवाजाचे पुढे, मोठे मागे, आणि सगळ्यांत मागे माशांची टोपली घेऊन गावभर हाक मारणाऱ्या बायका. जानकी रुसली. मागे उभी राहून माझा फोटो कसा येणार, म्हणाली. फोटो नाही, आवाज, हे तिला पटवण्यात एक सकाळ गेली. माइकला वारा लागू नये म्हणून भावजींनी स्वतःची लोकरीची कानटोपी चढवली. आणि वेळ धरली पहाटेनंतरची, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो तेव्हाची. म्हणजे लाटेचा आवाज आपल्याकडे न येता पाण्याकडेच राहतो.

"बा देवा म्हाराजा," भावजींनी हाक घातली. त्या "होय म्हाराजा"ला माडावरचे कावळे उडाले. मग माझं कॅलेंडर हातात धरून त्यांनी इंग्रजी वाचलं, तेही गाऱ्हाण्याच्याच चालीत. सगळं मिळून तीन मिनिटांना चार सेकंद कमी.

बारा दिवसांनी रेश्माचा फोन आला. धडा घेतला होता. एक अक्षर न काढता. मी ओट्यावरून नुसतं "भावजी, घेतला" म्हटलं, आणि वाडीत कुणी फटाके फोडले ते आजवर कळलं नाही. जानकीने भावजींच्या पुढ्यात अख्खा सरंगा ठेवला आणि साहेबाला कान आहेत हो, असा दाखला दिला.

पैसे आले ते भावजींनी रापणीच्या नियमाने वाटले. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ज्याने ओढला त्याला वाटा, मग तो पाहुणा का असेना. तसं "होय म्हाराजा" म्हटलेल्या प्रत्येकाला वाटा. आपण परदेशी पैसे कमावले असं सांगणारी तीस माणसं तेव्हापासून देवबागात आहेत.

पुढे महिन्याभराने मी आणि भावजी कॅफेत गेलो होतो. धड्याखाली लोकांनी लिहिलेलं मी वाचून दाखवत होते. एकाने लिहिलं होतं, आमच्या डोंगरातल्या गावात चर्चमधलं गाणं मी तुमच्या रीतीने धरलं. मोठ्या आवाजाची माणसं मागे नेली, कानटोपीही घातली. फार छान झालं. पण मोठ्या आवाजाच्या बायकांना मागे का न्यायचं, नुसता माइक लांब का नाही ठेवायचा, ते मला सांगाल का?

भावजींनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं.

"पस्तीस वर्सां झाली, वयनी. माझ्या हाताखाली किती जण रवले नि गेले. 'असा कित्याक करतस' म्हणान एकान इचारल्यान नाय."

त्यांनी उत्तर सांगायला सुरुवात केली. मी लिहीत गेले. वारा, वाळू, माणसाची छाती, लांबच्या आवाजातला कोवळेपणा, सगळं. कॅलेंडरची सहा पानं भरली. रेश्मा दोनदा घड्याळ बघून गेली, पण उठवलं नाही तिने. संपलं असं वाटून मी खाली त्यांचं नाव घालायला लागले, तर त्यांनी हात पुढे केला.

"थांब. तो जेवलो काय, इचार तेका."

मी म्हटलं, भावजी, तिकडे आता सकाळ असेल.

"मगे न्ह्यारी केल्यान काय, ता इचार."