टिटवी ब्रेकरवर बसली

साहेब, दिंद्रुडच्या फाट्यावर रस्त्यात जो गतिरोधक आडवा पडलाय, त्याचे गुन्हेगार तुम्ही आहात. तुमच्याच बांधकाम खात्याच्या पुस्तकात लिहिलंय की गतिरोधक चार इंच उंच असावा. फाट्यावरचा नऊ इंच आहे. त्यावर पांढरा पट्टा नाही, अलीकडे पाटी नाही. परळीकडून राखेच्या गाड्या ताडपत्री न टाकता पळतात, त्यांची राख बसून बसून तो रस्त्याच्याच रंगाचा झालाय. माणसाला तो डोळ्यांनी दिसत नाही, टाळू टपाला आपटली की कळतो. तुमचा एकही माणूस तिथं आलेला नाही. काम चालू असताना नाही, आणि नंतर तर नाहीच. त्यापायी भागवत मिस्तरीवर जी वेळ आली ती ऐका, आणि मग खुर्चीत नीट बसता येतंय का बघा.

भागवतचं ट्रॅक्टर-दुरुस्तीचं गॅरेज या ब्रेकरला लागूनच. समोर दगडाबाईचं चहाचं हॉटेल. गॅरेज बरं चालायचं, कारण आठवड्याला एक-दोन गाड्या ब्रेकरवर स्प्रिंगचे पाटे मोडून घ्यायच्या आणि लंगडत त्याच्याच दारात यायच्या. पण भागवतचा जीव त्या धंद्यात नव्हता. तो मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. तिथं टिटवी उभी होती.

टिटवी म्हणजे दोन माणसांची, उघडी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी विलायती मोटार. जवळच्या वस्तीवरच्या अमरसिंहदादांच्या वडिलांनी, विजयसिंहांनी, ती हैदराबादला एका मायदेशी निघालेल्या गोऱ्याकडून घेतली होती. वर्षभर चालली आणि बसली, ती पुढं चाळीस-पन्नास वर्षं कडब्याखाली. सहा वर्षांपूर्वी भागवत दादांचा ट्रॅक्टर बघायला गेला, तर कडब्यातून एक दिवा त्याच्याकडं बघत होता. त्या दिवशी ट्रॅक्टर तसाच राहिला.

दादांची मुलगी संस्कृती तेव्हा शाळेत होती. तिनं इंटरनेटवर खणून काढलं की गाडीचं नाव लॅपविंग, म्हणजे टिटवी. जगात अशा फक्त एकतीस झाल्या. आणि ज्या इंजिनिअरनं बाविसाव्या वर्षी ती कागदावर काढली, ते नॉर्मन टॅप्लो साहेब अजून जिवंत आहेत. भागवत सातवी शिकलेला. त्यानं मराठीत विचारायचं, संस्कृतीनं इंग्रजीत धाडायचं, आणि साहेबांचं चार-चार पानी उत्तर यायचं. नट आवळताना कान हाताकडं ठेवावा, असं एकदा त्यांनी लिहिलं, तर भागवतनं ते भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलं. विश्वकर्म्याच्या तसबिरीशेजारी साहेबांचा फोटो लागला. दसऱ्याला हार दोन यायला लागले.

साहेबांकडं एक रजिस्टर होतं. जी जी टिटवी अजून पळते तिचा नंबर आणि तिला जागवणाऱ्या मिस्तरीचं नाव त्यात ते स्वतःच्या हातानं लिहायचे. आत्तापर्यंत नऊ नावं होती. त्याच रजिस्टरच्या शेवटच्या पानावर दुसरी यादी होती, ज्यांनी ज्यांनी टिटव्यांचं वाटोळं केलं त्यांची. साहेब माणूस सरळ होता, पण विसरणारा नव्हता. भागवतला पुढच्या पानावर दहावं नाव व्हायचं होतं. त्याला त्यापलीकडं काही नको होतं.

अडचण एकच होती. टिटवीच्या इंजिनातले पिस्टन गंजून चिकटलेले निघाले होते. ते जगात कुठं मिळेनात. शेवटी भागवतनं भंगारातल्या एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरचे लायनर, म्हणजे पिस्टनच्या नळ्या, आणि पिस्टन काढून बसवले. ते कसे काय बसले हे त्यालाही कळलं नाही, पण बसले. साहेबांना मात्र त्यानं कळवलं, सगळं ओरिजिनल. सहा वर्षांत एवढं एकच खोटं.

आणि जानेवारीत साहेबांचं पत्र आलं. नात हैदराबादला नोकरीला आहे, तिच्याकडं येतोय, तिथून रेल्वेनं परळीला येतो. मला एकोणीस नंबरची, म्हणजे तुझी, टिटवी बघायची आहे.

भागवतचं जेवण त्या दिवसापासून तुटलं. बायको शिवकन्या म्हणाली, "बोनटच नका उघडू म्हनावं त्येन्ला. पाव्हना मानूस हाय, ऐकंल."

"पाव्हना न्हाई गं त्यो, बाप हाय तिचा," भागवत म्हणाला. "बाप लेकराचं आंग चाचपून बघितल्याबिगर ऱ्हात न्हाई."

ठरलं असं होतं की साहेबांनी गॅरेजवर गाडी बघायची आणि मग भागवतनं त्यांना शेजारी बसवून दादांच्या वस्तीवर जेवायला न्यायचं. वस्तीला रस्ते दोन. डावीकडचा सरळ, पण ब्रेकरवरून. उजवीकडचा कॅनॉलच्या कडेनं, तीन किलोमीटर जास्त. टिटवीचं पोट जमिनीपासून पाच इंच, त्यामुळं ती आजवर कायम उजवीकडंच गेली होती. हे भागवतनं संस्कृतीला सांगितलं, दादांना सांगितलं, दगडाबाईलाही सांगितलं. दादांनी फक्त मान हलवली, कारण ते फोनवर हलगीवाल्यांशी बोलत होते.

टॅप्लो साहेब आले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा काडीसारखा माणूस, हातात चामडी पिशवी. टिटवी बघितल्यावर पिशवी खाली ठेवली. मग बोनटवर तळहात ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात. पण बोनट उघडायला त्यांनी सांगितलं नाही. त्याहून वाईट केलं. दार उघडून ते स्टिअरिंगवर बसले.

जागा दोन. दुसरीवर भागवत बसला. सहा वर्षं जिच्या तोंडानं दोघं बोलत होते ती संस्कृती रस्त्यावरच राहिली. भागवतनं उजवीकडं हात केला. पण दादांनी हलगीवाले डावीकडं उभे केले होते, आणि त्यांच्या मागं जेसीबी उभा करून त्याच्या बकेटमध्ये गुलाबाच्या पाकळ्या भरून ठेवल्या होत्या. जिकडं वाजतंय तिकडंच जायचं, असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल तसं साहेबांना वाटलं. ते डावीकडं वळले.

भागवतनं हात जोडले, मान हलवली, सीटमधून अर्धा उठला. साहेबांना वाटलं माणूस भारावलाय. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि वेग थोडा वाढवला.

पुढची चाकं चढली, उतरली, आणि टिटवी पोटावर बसली. खालून कुकर फुटल्यासारखा आवाज आला. गाडी पुढं झुकली, मागं झुकली आणि मध्येच ठरली. पुढचीही चाकं धड टेकेनात, मागचीही टेकेनात. हलगी थांबली. जेसीबीवाल्यानं मात्र ठरल्याप्रमाणं बकेट उलटी केली. पाकळ्यांच्या ढिगात साहेब टोपीसकट दिसेनासे झाले.

दोन मिनिटांत मागं उसाची जुंपणी लागली, एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांची. तिच्यामागं एसटी, एसटीमागं राखेच्या तीन गाड्या. प्रत्येकाला हॉर्न होता आणि प्रत्येकाला एक उपाय सुचत होता. कुणी म्हणालं दोर लावा, कुणी म्हणालं हवा सोडा. दादांनी जेसीबी पुढं बोलावला.

भागवत बकेटसमोर आडवा उभा राहिला. "दादा, ॲल्युमिनियमचा पत्रा हाय. दात लागला का भाकर व्हईल तिची."

"मग काय, सोन्याचा चिमटा आणू?" दादा म्हणाले. "बस खोळंबलीय बे. लोकं व्हिडिओ काढायलेत."

तेवढ्यात टिटवीखालून काळ्या तेलाची एक बारीक रेघ निघाली आणि राखेतून सरपटत दगडाबाईच्या हॉटेलाकडं चालली. ऑइलचं चेंबर फुटलं होतं. चेंबर फुटलं म्हणजे ते खोलावं लागणार. ते खोललं की पिस्टन खालून उघडे दिसणार. भागवत ती रेघ बघून घाबरला, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. दुसऱ्यावर तुटून पडला.

तो ब्रेकरवर चढून उभा राहिला आणि त्यानं ज्या कुणी हा बांधला त्याचा उद्धार सुरू केला. त्याला माप कळत नाही, त्याच्या हातात टेप नव्हे कासरा द्यावा, लोकांच्या गाड्या मोडून स्वतःचं घर भरणारा तो हरामखोर आहे, असं बरंच. लोकांनी माना डोलावल्या. फक्त दगडाबाई ग्लास विसळता विसळता म्हणाली, "भागवता, हळू बोल बाबा."

साहेब पाकळ्या झटकत बाहेर आले आणि हा मनुष्य काय म्हणतो म्हणून त्यांनी विचारलं. संस्कृती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं एकही शब्द न गाळता सांगितलं. साहेबांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी टिपून घेतलं.

वाट काढली ती शहादेवनं. शहादेव म्हणजे मागं अडकलेल्या ऊसतोड टोळीचा मुकादम, शिरूर कासारचा. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मिस्तरी, वजन किती हिचं?"

"साडेसहाशे किलो."

शहादेवनं मनाशी हिशेब केला. "म्हंजी सोळा-सतरा मोळ्या. एवढ्यासाठी कावून समदा रस्ता धरून बसलाव?"

त्यानं टोळीला हाक दिली. बाया-माणसं मिळून वीस जण ट्रॉलीवरून उतरले. चुंबळी खांद्यावर घेऊन त्यांनी गाडीला चहूबाजूंनी हात घातला आणि एका दमात उचलली. तशीच चालवत गॅरेजच्या दारात नेली आणि चार मोळ्या मांडून त्यावर अलगद ठेवली. साहेब मागून टोपी काढून चालत होते. आपण काढलेली गाडी हलकी आहे, असं ते साठ वर्षं लोकांना सांगत होते. माणसांच्या खांद्यावर जाताना त्यांनी ती पहिल्यांदा पाहिली, असं नंतर संस्कृतीनं सांगितलं.

पण भागवतला ते ऐकायचं भान नव्हतं. साहेबांनी कोट काढला होता, पोतं मागितलं होतं, आणि ते टिटवीखाली उताणे सरकले होते. हात तेवढा बाहेर आला. संस्कृती म्हणाली, "काका, पाना मागतायत."

भागवतनं पाना दिला आणि शेजारी दुसऱ्या पोत्यावर स्वतःही आडवा झाला. सोळा बोल्ट. साहेबांनी आठ काढले, भागवतनं आठ. शेवटचा बोल्ट त्यानं इतका सावकाश फिरवला की साहेबांनी वळून त्याच्याकडं बघितलं. चेंबर खाली आलं. साहेबांनी बॅटरी लावली. बराच वेळ ती एकाच जागी राहिली.

मग ते हळूच काहीतरी बोलले. संस्कृती खाली वाकली. "काका, ते विचारतायत, हे पिस्टन कुठले?"

खोटं बोलायची ताकद होती तेवढी त्या एका खोट्यातच खर्च झाली होती. पाठीवर झोपूनच भागवतनं कान धरले. "ट्रॅक्टरचे हाईत म्हनावं, साहेब. भंगारातले. म्या लबाड बोललो. नाव नका लिहू, पन गाडीवर राग धरू नका. तिचा काय गुन्हा न्हाई."

साहेबांचं पोट हलायला लागलं. भागवतला वाटलं म्हाताऱ्याला झटका आला. पण ते हसत होते, आवाज न करता, आणि डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं. ते पुष्कळ बोलले. संस्कृतीनं सांगितलं ते थोडक्यात असं. टिटवी काढली तेव्हा कंपनीची इंजिन बनवायची ऐपत नव्हती. शेजारच्या कारखान्यातून ट्रॅक्टरची इंजिनं आणून त्यांनी चमकवली, आणि माहितीपत्रकात छापलं की शर्यतीसाठी खास घडवलेली. एकतीस गिऱ्हाइकांपैकी एकालाही कधी कळलं नाही. बसवले तर ते बसणारच होते. उलट बाकीच्या मिस्तऱ्यांनी शर्यतीचे म्हणून नवे घडवून घेतले, त्यामुळं सगळ्या जगात खरेखुरे ओरिजिनल पिस्टन असलेली ही एकच टिटवी असेल.

दगडाबाईनं चहा पाठवला. बाजेवर बसून साहेबांनी चामड्याच्या पिशवीतून रजिस्टर काढलं आणि दहाव्या ओळीवर भागवतचं नाव आडनावासकट लिहिलं. इंग्रजीत. भागवतला वाचता येत नव्हतं, तरी तो ते तीन वेळा वाचल्यासारखं बघत राहिला. जानेवारीपासून पहिल्यांदाच त्याला भूक लागली.

साहेब मात्र उठले. पिशवीतून टेप काढून रस्त्यावर गेले, ब्रेकरपाशी गुडघ्यावर बसले आणि उंची घेतली. पुन्हा घेतली. रुंदी घेतली. परत येऊन त्यांनी रजिस्टर उलटं केलं आणि शेवटचं पान उघडलं.

"काका," संस्कृती म्हणाली, "साहेब म्हणतात, तुमचं ऐकून त्यांना पटलंय. हे ज्यानं बांधलं त्याचं नाव त्यांना या पानावर लिहायचंय. माप कुणी दिलं होतं?"

आता बांधकामवाले साहेब, तुमचं नाव सांगायला भागवत एका पायावर तयार होता. पण तुमचं नाव त्याला ठाऊकच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी एक ट्रॅक्टर डांबर-खडी घेऊन फाट्यावर आला होता, तेव्हा तिथं तुम्ही नव्हतात, तुमचा इंजिनिअर नव्हता, ठेकेदारही नव्हता. चार मजूर होते. त्यांनी विचारलं, किती उंच करायचा? माप सांगायला कुणीच नव्हतं. दगडाबाईच्या बाकड्यावर एकटा भागवत चहा पीत बसला होता. त्यानं सांगितलं, टाका अजून दोन पाट्या. मग म्हणाला, अजून दोन टाका, गाडी दबकली पाहिजे. आणि त्या चौघांना चहा पाजला.

दगडाबाई किटली धरून उभी होती. तिनं भागवतकडं बघितलं. दादांना एकदम फोन आल्याची आठवण झाली आणि न वाजलेला फोन त्यांनी कानाला लावला. हलगीवाले आपापल्या हलग्या बघत बसले. फाट्यावर रोज बसणाऱ्या प्रत्येकाला ते नाव ठाऊक होतं. बाहेरगावचा एकटा शहादेव. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. चहाचा ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "सांगा की मिस्तरी. मघा तर लई शिव्या दिल्याव. कोन हाय त्यो?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"काका, थांबलेत ते," संस्कृती म्हणाली. "नाव सांगा. आडनावासकट."