सरांनी केलेली पेटी

सुमंत सर इस्लामपूरच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवत होते, आणि बावीस वर्षं विजेला घाबरत होते. घरी हे त्यांच्या बायकोला, पद्मावहिनींना, माहीत होतं. बल्ब गेला की त्या स्टुलावर चढायच्या आणि सर खालून विचारायचे, "मेन स्विच बंद केलाय ना?" बाहेर मात्र कुणाला पत्ता नव्हता.

त्या वर्षी सरांच्या आईंचा दमा बळावला. डॉक्टरांनी वाफेचं यंत्र दिलं, ते विजेवर चालायचं. आणि वीज रोज दुपारी बारा ते तीन जायची. दम्याला हे वेळापत्रक कुणी सांगितलं नव्हतं.

"सांगलीला तयार पेटी मिळते म्हणे," पद्मावहिनी म्हणाल्या. "आत बॅटरी असते, वीज नसली तरी बटण दाबलं की झालं. उचलून आणा."

सर रविवारी सांगलीला गेले. दुकान निघालं गुंडाचं. गुंडा म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी. त्यानं भर गिऱ्हाइकांत वाकून पाया धरले.

"अरे, एक तयार पेटी दे," सर म्हणाले.

गुंडा मोठ्यानं हसला. "आवं सर, चेष्टा करताय व्हय? तयार पेटी आमच्यासारख्या अडाण्यांसाठी. तुमी डोळं झाकून बनवशीला!" मग गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाला, "ह्ये आमचं सायन्सचं सर. लय मोठा मानूस!"

पाच-सहा जण आदरानं बघायला लागले. 'मला तयारच हवी' हे तीन शब्द सरांच्या घशात अडकले ते अडकलेच. अर्ध्या तासानं ते स्टँडवर उभे होते. हातात बॅटरी, पिशवीत ट्रान्सफॉर्मर, वायरी आणि जोडणीचा कागद.

एसटीत त्यांनी बॅटरी मांडीवर सरळ धरली. आत ॲसिड. आष्ट्याच्या अलीकडं ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि सरांची मांडी ओली झाली. त्यांनी डोळे मिटले. आता जळजळ सुरू होणार, मग कातडी, मग हाड. किंचाळावं तर लोक काय म्हणतील?

"आवं पावणं," शेजारच्या म्हातारीनं ढोसलं, "माझं ताक सांडलं तुमच्या इजारीवर. किटलीचं झाकानच ढिलं हाय बगा."

त्या ताकाइतका थंडावा सरांना आयुष्यात कशानं मिळाला नव्हता.

पुढचे आठ दिवस सर शाळेतून आले की रबरी चपला घालून पाटावर बसत आणि कागदात बघून एकेक वायर जोडत. वायर जोडली की हात मागं घेऊन दहा आकडे मोजत. पद्मावहिनी एकदा नुसत्या शिंकल्या तर सर पाटासकट कोलमडले.

"अहो, परत जाऊन तयार घेऊन या ना!"

"आता कसं जाऊ? गुंडानं सगळ्या सांगलीला सांगितलं असेल."

नवव्या दिवशी पेटी पुरी झाली. ती चालू करायचा मुहूर्त मात्र लागेना. आज अमावस्या, उद्या हवा दमट, असं चाललं होतं. शेवटी गुरुवारी दुपारी सव्वाबाराला आईंना धाप लागली. छाती शिट्टीसारखी वाजायला लागली, ओठ काळवंडले. वीज गेलेली.

"लावा ती पेटी!" पद्मावहिनी ओरडल्या.

सरांनी यंत्राची पिन पेटीत घातली. बटणाजवळ बोट जाई आणि परत येई. आईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. बोलायला त्यांना श्वास नव्हता. सरांनी मनातल्या मनात बायकोचा, आईचा, शाळेचा निरोप घेतला, तोंड भिंतीकडं केलं आणि बटण दाबलं.

घुर्रर्र आवाज झाला. सर जागच्या जागी मट्‌कन खाली बसले.

"अहो, उठा, यंत्र चालू झालंय!"

वाफ निघत होती. पाच मिनिटांत आईंची शिट्टी थांबली. दहाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "पद्मा, सुमंताला साखरपाणी दे गं. पोरगं पांढरंफटक पडलंय."

बातमी गल्लीभर झाली, गल्लीतून सांगलीला पोचली. पुढच्याच रविवारी दारात स्कूटर थांबली. गुंडा एक बंद पडलेली तयार पेटी घेऊन आला होता. त्यानं इकडं-तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"सर, कुनाला सांगू नका. गिऱ्हाइकाची हाय. जरा उघडून बघता?"

"अरे, दुकान तुझं आणि उघडू मी?"

"मी निस्ता इकतो, सर. आत कवाच हात घातला न्हाई. करंटचं लय भ्या वाटतं."

"तुला? कधीपासून?"

"आटवीपासनं. तुमीच वर्गात म्हनला न्हाई का, वीज मानसाला दुसरी चूक करू देत न्हाई? तुमी असं काय डोळं मोठं करून सांगितलं, की त्या रात्री मी अंथरून ओलं केलं."

सरांनी आतून रबरी चपला आणून पायात घातल्या. मग त्यांनी मान हलवली, आणि दोघंही पेटीपासून हातभर मागं सरकले.